पानाला एक कायदा, बोंडाला दुसरा

प्रवासाला निघताना मी बॅग नेहमी आदल्या दिवशी भरते. या वेळी भरली, उपसली, पुन्हा भरली. सुती साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि नंदूला आवडते म्हणून लसणाची चटणी. तुरुंगात घरची चटणी आत घेत नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणच काय? आमच्या घरात तुरुंग कुणी बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही.

तुम्ही मिरजेची मंडळी माझी प्रवासवर्णनं हौसेने वाचता. हंपीचं वाचलंत, अंदमानचं वाचलंत, 'बाई, तुमच्याबरोबर फिरून आल्यासारखं वाटलं' म्हणालात. या खेपेला माझ्याबरोबर फिरून तुम्हाला काही बरं वाटणार नाही, आधीच सांगते. पण गावात माझ्या भावाबद्दल जे बोललं जातंय ते माझ्या कानावर येतं. मंडईत कांदे निवडतानासुद्धा येतं. तेव्हा मी तिकडे काय पाहिलं ते माझ्याच तोंडून ऐका.

नंदू माझा धाकटा भाऊ. डोंबिवली पश्चिमेला कोपर भागात राहतो, खासगी कंपनीत नोकरी करतो. स्वभावाने इतका सरळ, की रिक्षात कुणाची छत्री राहिलेली दिसली तर मालक शोधत बसेल. दरवर्षी तो मध्य प्रदेशात शंकराच्या दर्शनाला जातो आणि येताना महाशिवरात्रीसाठी भांग आणतो. तिकडे भांगेची परवान्याची दुकानं आहेत. बाहेर पाटी असते, रांग असते, पावती मिळते. ती भांग कोपरला त्याच्या बिल्डिंगमध्ये शिवरात्रीच्या ठंडाईत पडते. बायका गोल बसून मेथी निवडावी तशी ती निवडतात, काड्या-बिया-बोंडं बाजूला काढतात, एक काका ती पाट्यावर लोण्यासारखी वाटतात आणि संध्याकाळी गच्चीवर सगळी बिल्डिंग पिते. पोरांना नुसतं केशरी दूध. वर्षानुवर्षं हे असं चाललंय. यंदा कल्याण स्टेशनबाहेर पोलिसांनी त्याची पिशवी उघडली.

"साहेब, भांग आहे. ही बघा पावती," असं नंदू म्हणाला. स्वतःहून पावती काढून दाखवली हो त्याने! त्यांनी पावती घेतली, पिशवी घेतली आणि नंदूलाही घेतलं. कागदावर मात्र लिहिलं 'गांजा'.

शिवरात्र गेली, होळी गेली, पाडवा गेला. नंदू आतच. 'चार दिवसांत सुटेल, तुम्ही उन्हाचं येऊ नका' असं मेधा, म्हणजे त्याची बायको, फोनवर म्हणत राहिली. शेवटी एकदा तिने फोन केला आणि काहीच बोलली नाही, नुसती रडली. मग मी तिकीट काढलं.

आमची गाडी कल्याणला पोचली तेव्हा उजाडत होतं. पूर्वी मी या स्टेशनवर उतरले की नंदू समोर उभा असायचा, हातात माझ्यासाठी वडापावचा पुडा घेऊन. या वेळी मी जिन्यावरून बॅग ओढत बाहेर आले आणि नेमकी कुठल्या जागी त्याची पिशवी उघडली असेल याचा विचार करत उभी राहिले. माणसं मला चुकवून पुढे जात होती.

"कुठं जाचंय गो आय?" एका रिक्षावाल्याने विचारलं. साठीचा माणूस, म्हात्रे आडनाव, इथल्याच आगरी गावातला. कोपर म्हटल्यावर त्याने बॅग उचलून आत ठेवली. रस्त्यात एका टपरीवर त्याने चहा पाजला. गवती चहा आणि आलं घालून उकळलेला, साखर जास्त. बोलता बोलता त्याने विचारलं, "भाव न्यायला नाय आला?"

का कोण जाणे, या परक्या माणसाला खरं सांगावंसं वाटलं. "आत आहे," मी म्हटलं.

"हातभट्टी?"

"नाही हो. भांग."

तो हसलाच. "भांगेपायी? आमचा बापूस (वडील) शिमग्याला पियाचा, पालखीच्या पुढं नाचाचा. कोन काय बोलला नाय त्याला." मग माझं तोंड बघून त्याचं हसू मावळलं. "जमाना खराब हाय गो आय. लवकर सुटू दे," म्हणाला आणि रिक्षा सुरू केली.

कोपरचं ते घर मला फार आवडायचं. गच्चीवरून खाडी दिसते, खारफुटीचा हिरवा पट्टा दिसतो, पलीकडे नवे टॉवर. मेधाने दार उघडलं तेव्हा आधी तिने जिन्यात कुणी आहे का ते पाहिलं. माझ्या भावजयीने स्वतःच्या घराचं दार असं उघडावं! आम्ही पोहे केले, दोघींनीही निम्मे तसेच ठेवले.

"ताई, लिफ्टमध्ये मी असले ना, की लोक जिन्याने जातात," ती म्हणाली. "हळदीकुंकवाला बोलावलंच नाही मला. आणि यांच्याच हातची ठंडाई प्यायलेत सगळे. सेक्रेटरी सावंतांनी तर गेल्या वर्षी तीन ग्लास घेतलेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने ठाण्याला गेलो, वकिलांना भेटायला. तलावपाळीच्या कडेला आईस्क्रीम खात मुलंमुली बसली होती, तळ्यात होड्या फिरत होत्या. एरवी मी तुम्हाला या तळ्यावर पानभर लिहून दिलं असतं. वकील म्हणजे पस्तिशीची एक चटपटीत बाई, कोर्टाजवळच्या इमारतीत तिची छोटी खोली. मला एकदम 'काकू' म्हणाली. मला आवडलं नाही, पण तिने समजावून मात्र छान सांगितलं. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे झाड एक आणि त्याचे भाग वेगळे हे मला कळत होतं. कायद्यालाही कळतं, हे त्या दिवशी कळलं.

"काकू, असं बघा," ती म्हणाली. "केंद्राचा अमली पदार्थांचा कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, बोंडं असलेले शेंडे. चरस म्हणजे त्याचा चीक, राळ. नुसतं पान आणि नुसती बी, बरोबर शेंडे नसतील तर, त्या कायद्यात गांजा नाही."

"मग झालं तर! भांग म्हणजे पानच की."

"थांबा हो. पान केंद्राने राज्यांवर सोडलंय. तिकडच्या राज्यात परवान्याची दुकानं आहेत. आपल्याकडे दारूबंदीचा कायदा आहे, भांग त्यात येते. परवान्याशिवाय जवळ ठेवायची नाही, विकायची नाही, प्यायची नाही."

"म्हणजे तिकडे पावती आणि इकडे बेडी?"

"हो. पण भांगेचा गुन्हा त्या मानाने हलका. गांजाचा भारी. आपलं म्हणणं, ही भांग आहे. पंचनाम्यात काय लिहिलंय ऐका." तिने वाचून दाखवलं. हिरवट रंगाचा, उग्र वासाचा, पाने, बोंडे, बिया व काड्या असलेला पाला. "हे 'बोंडे' आलं ना, तिथे आपण अडकलो. आणि वजन किलोच्या वर. किलोच्या आत असतं तर एवढं अडलं नसतं."

"बोंडं कशी येतील? दुकानातून घेतलीय त्याने."

"ते त्यांनाच विचारा. सॅम्पल लॅबला गेलंय, रिपोर्ट कधी येईल सांगता येत नाही. तोवर मला एक मदत करा. बिल्डिंगमधला एक तरी माणूस कोर्टात शपथेवर सांगू दे, की ही आमच्या सगळ्यांच्या शिवरात्रीची भांग, विक्रीची नव्हे. एक माणूस मिळाला तरी माझ्या जामीन अर्जात जीव येईल."

एक माणूस! सगळी बिल्डिंग पीत होती. मला एकदम हलकं वाटलं. आम्ही खाली उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं, म्हणून मेधा मला जवळच्या मॉलमध्ये थंड हवेत घेऊन गेली. तिथे एक छोटं चकाचक दुकान होतं, पांढऱ्या फळ्या, त्यावर बरण्या, बाटल्या, आणि प्रत्येकावर हिरव्या पानाचं चित्र. ते पान मी ओळखलं. हाताच्या बोटांसारखं पसरलेलं पान, चुकायचं कारणच नाही.

"हे काय असतं गं?" मी तिथल्या मुलीला विचारलं.

"हेम्प सीड्स, मॅम. सुपरफूड आहे. सॅलडवर टाका, दह्यात टाका. प्रोटीन भरपूर."

"भांगेच्या झाडाचं बी?"

"हो, पण एकदम लीगल आहे मॅम, मागे लायसन्स नंबर आहे. बियांचं तेल पण आहे, हे फेसक्रीम. आणि गुडघेदुखी असेल ना, तर पानाच्या अर्काचे ड्रॉप्स मिळतात, विजया (भांगेचं आयुर्वेदातलं नाव). त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती पण आम्ही ऑनलाइन करून देतो."

मेधा एका स्टुलावर बसली. "माझा नवरा याच झाडासाठी आत आहे," ती त्या पोरीला म्हणाली. मोठ्याने नाही, अगदी साधं सांगितल्यासारखं.

पोरगी गोंधळली. "सॉरी मॅम," म्हणाली, "आमच्याकडे असलं काही नसतं." मग तिने आम्हाला पाणी आणून दिलं. तिचा काय दोष? मी मात्र त्या बरण्यांकडे बघत राहिले. बी चालते, बियांचं तेल चालतं, चिठ्ठी असली की पानाचा अर्कही चालतो. मग देवाच्या नावाने ठंडाईत घातलेलं तेच पान का चालत नाही, हे मला कुणी समजावून सांगेल काय? संताप संताप झाला माझा.

भेटीचा दिवस होता कल्याणला. तुरुंगाबाहेर बायकांची रांग, कडेवर पोरं, हातात कपड्यांच्या पिशव्या. माझ्या पुढची बाई मुलाला भेटायला आली होती. "किती दिवस झाले?" मी विचारलं. "मोजणं सोडलं बाय," ती म्हणाली. चटणीची बरणी शिपायाने बाहेरच ठेवायला लावली.

काचेपलीकडे नंदू आला. गालफडं बसलेली, केस पिकलेले. फोन कानाला लावून आधी मलाच विचारतो, "गाडीला जागा नीट मिळालेली ना, ताई?"

मी रडायचं नाही असं ठरवून गेले होते. रडले. मग डोळे पुसून विचारलं, "नंदू, बोंडं कुठून आली त्यात?"

तो खाली बघत राहिला. "वरची मूठ गं," म्हणाला.

"कसली वरची मूठ?"

"मी दुकानातून किलोभर घेतलेली. नीट मोजून, पावतीसकट. पिशवी भरल्यावर मी म्हटलं, भैया, थोडी वर घाला की. सवय गं! तो दुकानदार म्हणाला, इथे वर बिर काही मिळत नाही, सरकारी माप आहे. मी तसाच उभा. दरवर्षी येतो म्हटलं, देवाचं काम आहे म्हटलं. तेव्हा बाहेर ओट्यावर एक म्हातारा गोणी घेऊन बसलेला, तो हसला आणि त्याने ओंजळभर काढून माझ्या पिशवीत टाकली. वर अजून एक मूठ. ले जाओ, म्हणाला, भोलेनाथ का. मला काय आनंद झालेला!"

मंडळी, तुम्ही मिरजेचे, तुम्हाला हे समजावून सांगायला नको. आपल्यापैकी कुणी पालेभाजीची जुडी घेऊन वर चार काड्या कोथिंबीर न मागता घरी आलंय का? आई आम्हाला मंडईत पाठवायची ती हेच बजावून. वर काही घालून घेतल्याशिवाय घरी आलं की 'फसवलं बघ तुला' म्हणायची. शेंगदाणे घेतले की वर मूठ, चुरमुरे घेतले की वर मूठ. कमी पैशाला जास्त घेण्याची ती हाव नाही, ती एक रीत आहे, देणाऱ्याने राजीखुशीने दिलं याची खूण. नंदूने ती रीत परमुलखात पाळली. त्या ओंजळीत बोंडं होती आणि त्या ओंजळीनेच वजन किलोच्या वर गेलं. घरी पोचला असता तर बायकांनी बसून ती निवडून कचऱ्यात टाकली असती. स्टेशन ते घर एवढंच अंतर राहिलं होतं हो!

"पोलिसांना सांगितलंस हे?"

"सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे परवाना नसलेल्या माणसाकडून घेतलं हे कबूल आहे तर." मग त्याने काचेला बोटं लावली. "ताई, सावंतांना विचार. गुप्तेकाकांना विचार. ते सांगतील मी कुणासाठी आणायचो. मी मात्र कुणाचं नाव घेतलेलं नाही हं, त्यांना सांग तसं."

सावंतांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. कोकणातला माणूस, चांगला उंचापुरा, आदराने बोलणारा. त्यांच्याकडे बिल्डिंगमधले आणखी काही जण जमले. आमसुलाचं सरबत दिलं, पंखा वाढवला, तब्येतीची चौकशी केली. मग मी विषय काढला.

"ताई, नंदू आमचा माणूस आहे," सावंत म्हणाले. "पण शपथेवर म्हणजे... आमची पोरं कंपन्यांमध्ये आहेत, पोलीस व्हेरिफिकेशन असतं. कुणाचा पासपोर्ट यायचाय."

"अहो, पण तुम्ही खोटं थोडंच सांगणार आहात? प्यायलात ना सगळे?"

"तेच तर! प्यायलो म्हणून कोर्टात सांगितलं तर तो आमचाच गुन्हा. परवान्याशिवाय भांग पिणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. आम्ही एका वकिलाला विचारून घेतलंय."

एक बाई मागून म्हणाल्या, "आम्हाला तर वाटायचं नुसती बदाम-बडीशेपेची ठंडाई आहे." याच बाई गोल बसून भांग निवडायच्या, मेधाच्या मोबाइलमध्ये फोटो आहे. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या पदर सारखा करायला लागल्या.

मी तिथूनच वकीलबाईंना फोन लावला, सगळ्यांसमोर. "हे म्हणतात ते खरं आहे का?"

"खरं आहे, काकू. मी सांगणारच होते. भांग होती असं सिद्ध करायचं तर कुणीतरी भांगेचा गुन्हा अंगावर घ्यावा लागेल. तो हलका आहे, पण गुन्हाच आहे. माझा अंदाज होता, एखादा तयार होईल."

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तशी गत. राग कुणावर काढणार? घाबरलेल्या माणसांवर? काढलाच मी. "नंदूने तुमच्यापैकी एकाचंही नाव घेतलेलं नाही, ते सांगायला सांगितलंय त्याने," असं म्हटलं आणि सरबत तसंच ठेवून उठले. सावंत दारापर्यंत आले. "समजून घ्या," म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते, ते मी पाहिलं. पण त्याचा उपयोग काय?

राहिले गुप्तेकाका. पाट्यावर भांग वाटायचे ते हेच. आता बिल्डिंग सोडून शहाडला मुलाकडे राहायला गेलेत. मी आणि मेधा रिक्षाने गेलो. पुलावरून उल्हास नदी दिसते असं मेधा म्हणाली, पण नदी कसली, काठापासून काठापर्यंत जलपर्णी पसरलेली. एक गाय ते मैदान समजून पाय ठेवायला बघत होती आणि गुराखी ओरडत होता. रिक्षा पुढे गेली, पुढचं दिसलं नाही.

काका पंच्याहत्तरीचे. मला बघताच म्हणाले, "यायला उशीर केलात. मी रोज वाट पाहत होतो कुणी विचारेल म्हणून. मी सांगतो कोर्टात. माझं आता काय वाकडं व्हायचंय? नंदूची भांग मी वाटलीय, प्यायलोय, माझ्या हातचे गोळे सगळ्यांनी खाल्लेत."

मेधाने त्यांच्या पाया पडण्यासाठी वाकायला आणि त्यांचा मुलगा आतून बाहेर यायला एकच गाठ पडली. सरकारी नोकरीतला माणूस. आवाज चढवला नाही त्याने. "बाबांना गेल्या वर्षीपासून विसर पडतो," म्हणाला. "औषधं चालू आहेत. त्यांना उलट प्रश्न विचारले तर ते काय सांगतील त्याचा भरवसा नाही. तुमचंच नुकसान होईल."

"मला काही विसर पडत नाही!" काका ओरडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नंदू कसा नाही आला तुमच्याबरोबर? त्याला सांगा, यंदा बडीशेप जरा जास्त घालू."

मेधाने माझा हात धरला. त्या माउलीने, म्हणजे काकांच्या सुनेने, आम्हाला थालीपीठ वाढलं, वर घरचं लोणी. अन्नाला नाही म्हणू नये म्हणून मी खाल्लं. उत्तम होतं. एवढ्या दिवसांत पोटभर जेवले ती तिथे, आणि त्याचीच मला लाज वाटत राहिली.

तारखेला कल्याणच्या कोर्टात गेलो. लॅबचा रिपोर्ट आला होता, म्हणून आधी आशा वाटली. वकीलबाईंनी वाचला आणि चष्मा काढून ठेवला. नमुन्यात भांगवर्गीय वनस्पतीचे घटक आढळले, एवढंच लिहिलं होतं. अहो, आढळणारच! पानात असतात, बोंडातही असतात. पान किती आणि बोंड किती, हे कुणी वेगळं करून पाहिलंच नव्हतं. सातवीच्या मुलींना मी वर्तमानपत्रावर झाड पसरून भाग वेगळे करायला लावत असे, अर्ध्या तासाचं काम. वकीलबाईंनी तेच कोर्टाला सांगायचा प्रयत्न केला. समोरच्या वकिलांनी पंचनामा दाखवला, बोंडे हा शब्द दाखवला, वजन दाखवलं. हे सगळं खटल्याच्या वेळी बघू, असं म्हणून अर्ज फेटाळला गेला. लगेच पुढच्या माणसाचा पुकारा झाला.

"खटला कधी उभा राहील?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"वर्ष. दोन वर्षं. वरच्या कोर्टात जाऊ आपण, मी सोडणार नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आणखी एक रस्ता आहे. मला तो आवडत नाही, पण सांगणं भाग आहे. गुन्हा कबूल करायचा. पहिलाच गुन्हा, घरचा माणूस, दया मागायची. आत काढले तेवढ्या दिवसांवर सोडूही शकतात. खात्री नाही देत."

"म्हणजे भांगेचा गुन्हा कबूल करायचा?"

"नाही काकू. गांजाचा. खटला गांजाचा आहे."

परत निघण्याच्या आदल्या दिवशी नंदूची शेवटची भेट झाली. मेधा आत आली नाही, 'तुम्हीच बोला ताई' म्हणाली. मी सगळं सांगितलं. सावंतांचं सांगताना तो मान हलवत होता, 'बरोबर आहे, पोरं आहेत त्यांची' म्हणाला. गुप्तेकाकांचं सांगताना मात्र त्याने तोंड फिरवलं.

"ताई," जरा वेळाने म्हणाला, "गांजाच असेल गं तो."

"काय बोलतोस?"

"एवढे सगळे म्हणतात. पोलीस म्हणतात, रिपोर्ट म्हणतो, कोर्ट म्हणतं. इथे सगळे मला गांजावालाच म्हणतात, मी ओ देतो आता. पूर्वी सांगत बसायचो, अहो भांग, अहो प्रसाद. त्यांना हसू यायचं." तो काचेच्या अगदी जवळ आला. "मी भांग म्हणत राहिलो तर इथेच राहणार. गांजा म्हटलं तर कदाचित घरी जाईन. तू सांग, काय म्हणू?"

लहानपणी त्याने वाण्याच्या दुकानातून गूळ उचलला तेव्हा त्याला कानाला धरून परत नेणारी मी. खोटं बोललास तर बोलणार नाही म्हणून आठवडाभर अबोला धरणारी मी. त्याचं ते सरळपण माझ्याच हाताखाली घडलेलं आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी तेव्हासारखा.

"गांजा म्हण," मी म्हटलं.

तो 'बरं' म्हणाला. वेळ संपल्याची शिटी झाली.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. घाट आला, बोगदे आले, समोरच्या बाईंनी मला भडंग देऊ केलं. दरवेळी या प्रवासात मी वहीत काहीबाही टिपते. या वेळी डोक्यात फक्त एकच, की मी नंदूला जे बोलायला सांगितलं ते आता सरकारी दप्तरात त्याच्या नावावर कायमचं राहणार. त्याची कंपनी त्याला परत घेणार नाही. बिल्डिंगमधली माणसं सुटकेचा निःश्वास टाकतील, आणि पुढच्या शिवरात्रीला गच्चीवर केशरी दूधच होईल. मॉलमधल्या बरण्या मात्र तशाच विकल्या जातील. मला कायदा नको असं नाही. गांजाने पोरं वाया गेलेली मी शाळेत पाहिलीत. पण एकाच झाडाचे इतके तुकडे करून, कुठला तुकडा कुठल्या गावात चालतो हे साध्या माणसाने ओळखायचं कसं? आणि ओळखून खरं सांगितलं तर त्याचंही काही होत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघून आले.

मिरजेला उतरले. घरी येऊन कुलूप काढत होते तर शेजारच्या कुसुमताई लगबगीने आल्या. माझ्या बॅगेला हात लावला, पाणी पुढे केलं. खरंच काळजी होती त्यांच्या चेहऱ्यावर.

"काय झालं हो नंदूचं? सुटला का?"

"सुटेल," मी म्हटलं. "गुन्हा कबूल केला की सुटेल."

कुसुमताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच, माझं मन दुखवू नये अशा बेताने म्हणाल्या, "म्हणजे केला होता तर."

मी कुलपात किल्ली तशीच धरून उभी राहिले.